राजाच्या राज्यातली दोन हात जागा

ज्या माणसाने गावोगावच्या भिंतींवर हिवतापाचे औषध फवारले, त्याच्याच घराची भिंत कोरडी राहिली, आणि त्या घरातली सहा वर्षांची मुलगी हिवतापाने गेली. तो माणूस मी. एवढे एक वाक्य लिहायला मला पाच-सहा वर्षे लागली. उपासनेनंतर मंडळीतले लोक उभे राहून साक्ष देतात. प्रभूने आजारातून उठवले, हरवलेले परत दिले, असे सांगतात. तेव्हा मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसत असे. माझ्याकडे सांगण्यासारखे जे होते, त्यात कोणी उठले नव्हते. तरी त्या दिवसांत प्रभू आमच्याजवळ आलाच नाही, असेही मला म्हणवत नाही. म्हणून जे घडले ते घडले तसे लिहितो.

माझे वडील शिंदखेड्याकडचे. तरुणपणी त्यांनी येशूला आपला राजा मानले आणि त्यापायी त्यांचे भाऊबंद तुटले. घरात काही ठरवायचे असले की ते विचारत, "राजाला विचारलं का रे?" बैल घ्यायचा असो, कोणाशी भांडण मिटवायचे असो, प्रश्न हाच. लहानपणापासून कानावर पडत राहिल्याने मला त्या शब्दांची इतकी सवय झाली की त्यांचा अर्थ विचारायचा राहूनच गेला. राजा म्हणजे आपला पाठीराखा, त्याच्या माणसांच्या दारावर त्याचा पहारा असतो, एवढीच माझी समजूत. राजाचा हुकूमही असतो आणि तो आपल्यावरच चालायचा असतो, हे मला वडिलांच्या तोंडून कधी ऐकूच आले नाही. कदाचित ते रोज तेच सांगत असतील.

स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षे झाली होती. सरकारने हिवतापाविरुद्ध मोठी मोहीम काढली होती आणि तीत मला नोकरी मिळाली. धुळ्याकडचा मी, पण नेमणूक झाली पूर्व खानदेशात, यावलच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी. ज्या गावात आम्ही राहिलो त्याचे नाव मी लिहीत नाही. तिथल्या माणसांवर आता माझा राग नाही, आणि नाव लिहिले तर वाचणाऱ्याचा व्हायचा. चहूबाजूंनी केळीच्या बागा, बागांमधून पाट, पाटांच्या कडेला साचलेले पाणी आणि त्या पाण्यावर डास. दिवेलागणीला घरात शब्द ऐकू येऊ नये इतकी त्यांची गुणगुण असे.

माझ्या हाताखाली दोन मजूर होते. सकाळी पंप आणि डी.डी.टी.ची पिंपे घेऊन आम्ही निघायचो. घरातली भांडीकुंडी, धान्य, पाण्याचे हंडे बाहेर काढायला लावायचो आणि आतून सगळ्या भिंती फवारायचो. औषध वाळले की भिंतीवर पांढरट डाग उरत. बायका कुरकुरत, कोणी म्हणे मांजर मेले, कोणी म्हणे ढेकूण वाढले. पण बहुतेक लोक दार उघडत. फवारून झाले की दरवाज्यावर गेरूने तारीख लिहायची, म्हणजे वरच्या साहेबांना तपासणीत कळे. गावात मला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळ्यांसाठी मी "औषधवाले भाऊ" होतो.

माझी बायको सारा. माहेर भडगावचे, शिकलेली, माझ्यापेक्षा कमी बोलणारी. आमची एकुलती एक मुलगी रूथ. मी संध्याकाळी घरी आलो की ती माझ्या पिशवीतला गेरूचा खडा काढी आणि अंगणभर तारखा लिहीत सुटे. एक दिवस तिने आमच्याच दरवाज्यावर तारीख लिहिली. तीनचा आकडा उलटा. मी हसून म्हणालो, "झालं, आपलं घर फवारलं." सारा म्हणाली, "खरंच कधी फवारणार? पोर डासांनी फोडून काढली आहे." औषध यादीप्रमाणे मोजून येत असे. आमची भाड्याची खोली यादीत होती, पण मी तिला शेवटी ठेवली होती. उरले तर आपले, असे म्हणायचो. त्यात मला थोडा मोठेपणाही वाटत होता. सारा पुन्हा म्हणाली तेव्हा मी उत्तर दिले, "अगं, आपण राजाची माणसं. त्याचं घर तो राखील." मी हे थट्टेने म्हणालो, की खरेच तसे मानत होतो, आज मला सांगता येत नाही.

भाद्रपदात रूथला ताप आला. ताप घरोघर होताच, त्यामुळे मी फार मनावर घेतले नाही. कुनैनच्या गोळ्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी वरच्या पाड्यांच्या दौऱ्यावर निघालो. दोन दिवसांचा दौरा तीन दिवसांचा झाला, कारण नाल्याला पाणी आले होते. परतलो तेव्हा सारा दारातच उभी होती. रूथला पहाटेपासून आकडी येत होती. ती मला ओळखत नव्हती. यावलच्या दवाखान्यात न्यायला मी बैलगाडी शोधायला धावलो. गाडी जुंपून दाराशी आली तेव्हा सारा तिला मांडीवर घेऊन बसली होती आणि तिचा हात पुन्हा पुन्हा खालून वर उचलत होती. तो हात पुन्हा पुन्हा खाली पडत होता. सकाळचे नऊ-साडेनऊ वाजले असतील. बाहेर लख्ख ऊन पडले होते.

मी रडलो नाही. मी कामाला लागलो, कारण काम होते. मुलीला पुरायचे होते आणि त्या गावात आमचे कोणी नव्हते. मी गावच्या पाटलांकडे गेलो. सगळे त्यांना आबा म्हणत. साठीचे, शांत बोलणारे गृहस्थ. त्यांच्या घरी मी दोनदा चहा प्यालो होतो. त्यांना सांगताना माझा आवाज अगदी कोरडा होता. नाल्याच्या काठी गावातली लहान मुले पुरत, तिथे कडेला थोडी जागा द्या, इतकेच माझे मागणे होते.

ओसरीवर आणखी चार-पाच जण बसले होते. एक म्हणाला, "गावात तापाचं असं चाललंय. त्यात दुसऱ्या धर्माची माती शिवेत घालायची? देवीचा कोप झाला तर?"

आबा मला म्हणाले, "भाऊ, माझ्या एकट्याच्या हातात असतं तर नाही म्हटलं नसतं. पण गाव घाबरलंय. तुम्ही भुसावळला का नेत नाही? तिथं तुमची दफनभूमी आहे ना?"

"आबा, तापीला पूर आहे म्हणतात."

"यावलहून एखादी बस जात असेल. बघा तर खरं." त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "गाडी माझी घेऊन जा."

गाडी दिली, जागा दिली नाही. त्यांच्या मनात त्या वेळी काय होते, हे मी पुढे कधी विचारले नाही. पण ओसरीवरून उतरताना माझ्या मनात जे उगवले ते मला नीट आठवते. प्रार्थनेत ज्याला राजा म्हणतो, त्याला मी त्या पायरीवर विचारले, "तू कशाचा राजा आहेस? तुझ्या सगळ्या राज्यात एवढ्याशा पोरीपुरती दोन हात जागा नाही?"

साराने रूथला आपल्या लग्नातल्या पांढऱ्या साडीत गुंडाळले आणि वरून रोजची शाल घातली. बसमध्ये मृतदेह घेणार नाहीत हे आम्हाला माहीत होते. म्हणून गाडीत बसता बसता आम्ही ठरवले की तिला मांडीवर घेऊन बसायचे आणि कोणी विचारले तर झोपली आहे म्हणायचे. हेच शब्द प्रभू येशूने एका मेलेल्या मुलीच्या बापाच्या घरात उच्चारले होते. लोक त्याला हसले होते आणि ती मुलगी उठली होती. आमची उठणार नव्हती, आणि आम्ही तेच शब्द खोटे बोलण्यासाठी जपून ठेवत होतो. गाडीचे चाक खड्ड्यात गेले की सारा रूथचे डोके हाताने सावरी, जणू लागेल.

यावलला पोचलो तो बाजाराचा दिवस होता. बस उभी होती, पण सुटणार नव्हती. तापीचे पाणी रस्त्यावर आले आहे, आज गाड्या बंद, उद्याचे उद्या बघू, असे कंडक्टरने सांगितले. त्याने शालीकडे पाहिले आणि विचारले, "पोरीला बरं नाही का?" मी "झोपली आहे" म्हणायला तोंड उघडले, पण शब्द आला नाही. सारा म्हणाली, "नाही. ती गेली." कंडक्टरने टोपी काढून हातात घेतली. मग तो हळूच बाजूला झाला.

गाडीवान आबांचा गडी होता. त्याला गाडी दुपारपर्यंत परत न्यायची होती. त्याने आम्हाला गावाबाहेरच्या रस्त्याला, एका लिंबाच्या झाडाखाली उतरवले. पाण्याने भरलेला तांब्या आमच्याजवळ ठेवला, हात जोडले आणि निघून गेला. उन्हाचा जोर वाढत होता. ज्यांनी असे दिवस पाहिले आहेत, त्यांना भाद्रपदातल्या उन्हात वाट बघता येत नाही म्हणजे काय, ते कळेल. मी ते लिहीत नाही. बाजाराला जाणारी-येणारी माणसे आमच्याकडे बघत आणि पुढे जात. मी उठून यावलात कोणाकडे तरी जायला हवे होते, मामलेदार कचेरीत जायला हवे होते. पण माझे पाय उठत नव्हते. मला वाटत होते, मी उठलो की हे खरे होईल.

तेवढ्यात एक माणूस आमच्यासमोर थांबला. पन्नाशीचा, काळासावळा, कमरेला धोतर, खांद्यावर कुऱ्हाड. लाकडाची मोळी विकून डोंगराकडे परत चालला असावा. तो पुढे गेला होता, पण परत आला. आमच्याजवळ उकिडवा बसला आणि म्हणाला, "काय व्हयनं, भाऊ? पोर बिमार शे का?"

मी नाही म्हणून मान हलवली. तो शालीकडे बघत राहिला. मग त्याने हात पुढे केला आणि एका बोटाने रूथचे उघडे पडलेले पाऊल शालीत सरकवले. ते मला आजवर विसरता आलेले नाही. सकाळपासून आमच्या मुलीला आमच्याशिवाय कोणी हात लावला नव्हता.

साराने त्याला सगळे सांगितले. आम्ही ख्रिस्ती आहोत, गावात जागा मिळाली नाही, नदीला पूर आहे. तिने तक्रार केली नाही, नुसते सांगितले. तो ऐकत होता. ऐकून झाल्यावर म्हणाला, "मना वावरमा चाला. बांधजोडे जागा शे."

मला वाटले मी चुकीचे ऐकले. मी म्हणालो, "तुमच्या शेतात? उद्या तुमचे लोक काही म्हणाले तर?"

"म्हनू द्या. जमीन मनी नही, अल्लानी शे. मी ते फक्त नांगर धरस." मग थोडा थांबून तो साराकडे वळला. "मन्या दोन पोरी तठेच शेतस, माय. हाई तिसरी. त्यासले बी सोबत व्हई."

त्यांचे नाव सुभान. तडवी, म्हणजे मुसलमान झालेले भिल्ल. त्यांची वस्ती तिथून अडीच-तीन कोसांवर, डोंगराच्या कुशीत. ती वाट आम्ही पायी चाललो. पहिला कोसभर रूथला मी घेतले होते. मग माझे हात भरून आले. सुभानभाऊंनी काही न बोलता कुऱ्हाड माझ्या हातात दिली आणि मुलीला आपल्या खांद्याशी धरले, झोपलेल्या पोराला धरतात तसे. ते पुढे, मध्ये सारा, मागे मी. त्या वाटेवर मी प्रार्थना केली नाही. केली असती तर तिच्यात शिव्याच निघाल्या असत्या. मी फक्त त्या माणसाच्या टाचांकडे बघत चाललो होतो. भेगाळलेल्या, चिखलाने भरलेल्या टाचा.

त्यांचे शेत म्हणजे उतारावरचा ज्वारीचा लहान तुकडा. बांधाला मोहाचे झाड आणि त्याखाली दगड रचलेल्या दोन लहानशा कबरी. सुभानभाऊंच्या बायकोने आम्हाला पाहिले, नवऱ्याच्या दोन वाक्यांत तिला सगळे कळले. तिने साराला जवळ घेतले, आणि तेव्हा सारा पहिल्यांदा ओरडून रडली. मी पुढे झालो तर सुभानभाऊ म्हणाले, "रडू द्या त्यासले. तुम्ही फावडं धरा."

जमीन भिजून जड झाली होती. आम्ही दोघे आळीपाळीने खणत होतो. खड्डा आखताना त्यांनी विचारले, "डोकं कोनती बाजूले करतस तुमनामा?" मला आठवेना. इतक्या अंत्यविधींना उभा राहिलो होतो, पण त्या क्षणी डोक्यात काहीच नव्हते. साराने डोळे पुसले आणि सांगितले, "डोकं पश्चिमेला. म्हणजे प्रभू येईल तेव्हा उठताना तोंड उगवतीकडे होईल." सुभानभाऊंनी तसा खड्डा आखला. त्यांच्या मुलींच्या कबरी उत्तर-दक्षिण होत्या, ही आडवी आली. त्यांनी ते पाहिले आणि "चालस" एवढेच म्हणाले.

पाळक नव्हते, पुस्तक नव्हते. विधी मीच चालवायला हवा होता. मी उभा राहिलो, पण प्रार्थनेला हात जोडले नाहीत. मला माझ्या राजाशी बोलायचेच नव्हते. तेव्हा सारा कबरीच्या कडेला गुडघे टेकून बसली. तिने जी प्रार्थना केली ती मी शब्दशः लिहितो, कारण ती लांब नव्हती.

"प्रभू, क्रूसावरून उतरवून तुलाही दुसऱ्याच्याच बागेत ठेवलं होतं. तुझीही जागा उसनीच होती. आम्हाला काही समजत नाही. पण तू राजा आहेस. आमची रूथ तुझ्या हाती देते. आमेन."

सुभानभाऊंनी दोन्ही तळवे वर केले, ओठांतल्या ओठांत आपले काही म्हटले आणि हात तोंडावरून फिरवले. मग आम्ही माती लोटली. माझ्या मनातला राजा तोवर सिंहासनावर बसलेला होता, दारावर पहारे ठेवणारा. साराने ज्याला हाक मारली तो त्याच ओल्या मातीत आमच्याबरोबर गुडघ्यापर्यंत उभा होता. हे मला तेव्हाच उमगले असे म्हटले तर खोटे होईल. तेव्हा मी फक्त माती लोटत होतो.

गावात परत आलो. नोकरी होती, जाणार कुठे? लोक आमच्याशी पूर्वीपेक्षा मऊ बोलत, आणि त्या मऊपणानेच माझ्या अंगाची आग होई. आमची खोली मी दुसऱ्याच दिवशी फवारली. दारावरचा उलटा तीन पुसायला मात्र आमच्यापैकी कोणाचा हात धजावला नाही.

काही आठवड्यांनी फवारणीची पुढची फेरी आली आणि यादीत आबांचे घर आले. मी मजुरांना पुढच्या आळीला पाठवले आणि त्या घरी एकटा गेलो. आबा शेतावर होते, बायका मागच्या अंगणात होत्या. पंप पाठीवर होता. मी तो खाली ठेवलाच नाही. खिशातून गेरू काढला, चौकटीवर त्या दिवसाची तारीख लिहिली आणि बाहेर पडलो. कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते, वहीत घर फवारलेले दिसणार होते. रस्त्याने चालताना मला बरे वाटले. किती दिवसांनी बरे वाटले होते! हे लिहायला लाज वाटते, पण ते तसेच होते.

मी घरी येऊन साराला सांगितले. तिलाही बरे वाटेल असा माझा समज होता. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"त्या घरात सून बाळंतीण आहे," ती म्हणाली.

"आपल्या पोरीला त्यांनी दोन हात जागा दिली नाही."

"नाही दिली."

"मग?"

तव्यावरची भाकरी करपली तरी तिने उलटली नाही. मग दरवाज्याकडे हात केला. "तिथंही तारीख लिहिलेली आहे. फवारलं होतं का?"

मी त्या उलट्या आकड्याकडे पाहिले.

"तिनं खेळात लिहिली. तुम्ही समजून उमजून लिहून आलात." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "तुमच्या हातांवर कोणाचा हुकूम चालतो, ते एकदा ठरवा. आबांचा चालत असेल तर आबांसारखंच वागा. पण मग उपासनेला जाऊन प्रभूला राजा म्हणू नका. मला ऐकवणार नाही."

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि देवदूतही दिसला नाही. मी फक्त हरलो. पायरीवर विचारलेला प्रश्न अजून तसाच होता, त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय मी वाकणार नव्हतो. आणि पहाटेच्या सुमारास मला कळले की उत्तर न मिळताच वाकायचे आहे. मी म्हणालो, "प्रभू, मला तुझं काही कळत नाही. पण हा पंप तुझा, हे हात तुझे. सांग कुठं जायचं." कुठे जायचे ते मला माहीतच होते.

सकाळी आबा ओसरीवरच होते. माझ्या पाठीवरचा पंप पाहून म्हणाले, "काल तर तारीख लिहून गेले ना?"

"काल फवारलं नव्हतं, आबा. खोटी तारीख लिहिली होती."

त्यांनी का म्हणून विचारले नाही. माझ्याकडे पाहिले, मग जमिनीकडे पाहिले. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. ते उठले, आत गेले आणि कोणा गड्याला हाक न मारता स्वतःच्या हाताने हंडे, धान्याच्या कणग्या बाहेर आणू लागले. शेवटी सुनेला आणि तान्ह्या बाळाला शेजारी पाठवले. मी भिंत न् भिंत फवारली, माळ्याच्या फळ्याही सोडल्या नाहीत. बाहेर आलो तर ते तसेच उन्हात उभे होते. म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी मी घाबरलो." एवढेच. मी म्हणालो, "मीही घाबरलेलोच होतो, आबा. म्हणून काल तसं केलं." आम्ही त्यापुढे त्या विषयावर कधी बोललो नाही. त्यांच्या नातवाला ताप आला की नाही, आणि माझ्या फवारणीने तो वाचला की नाही, हे मला ठाऊक नाही. मला ते ठाऊक असण्याची गरजही वाटत नाही.

खोट्या तारखेची गोष्ट मी साहेबांना स्वतः सांगितली. आबांनी ती कोणाला सांगितली नव्हती. मला लेखी ठपका मिळाला, देखरेखीचे काम काढून घेतले आणि साधा फवारणीवाला म्हणून माझी बदली झाली. शिंदखेड्याकडे, माझ्याच मुलखात, जिथे माझ्या वडिलांना ओळखणारी माणसे मला रोज भेटत आणि मी आता कोणत्या हुद्द्यावर आहे ते विचारत.

निघण्याआधी आम्ही सुभानभाऊंकडे गेलो. ज्वारीची कापणी झाली होती आणि रान मोकळे पडले होते. त्यांनी तिसऱ्या कबरीभोवतीही दगड रचले होते. आम्ही त्यांना देण्यासाठी एक घोंगडी नेली होती. ती त्यांनी ठेवून घेतली, आणि निघताना त्यांच्या बायकोने साराच्या पदरात चारोळ्या बांधल्या. माझ्या मनात होते की त्यांना विचारावे, त्या दिवशी तुम्ही पुढे गेला होतात, मग परत का आलात? पण विचारले नाही. काही गोष्टींना हात लावला की त्या लहान होतात. मी त्यांच्या पायांना हात लावला. ते संकोचून मागे सरले आणि म्हणाले, "पोरनी चिंता करू नका."

आम्हाला पुढे मूल झाले नाही. सारा शिंदखेड्याच्या आसपासच्या घरांत तापाने पडलेल्या मुलांजवळ जाऊन बसते, गोळ्या देते, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवते. कधी मूल बरे होते. कधी ती गप्प परत येते, आणि त्या दिवशी मी तिला काही विचारत नाही. रूथ का गेली, हे मला अजून समजलेले नाही. ज्यांना सगळे समजले आहे असे लोक मला भेटतात, तेव्हा मला त्यांचा हेवाही वाटत नाही. मला इतकेच कळले आहे की ज्याला मी राजा म्हणतो तो माझे घर राखायला बांधलेला नाही. मी त्याच्या हुकमाला बांधलेला आहे. आणि त्याचा हुकूम मोठ्या प्रसंगी येतो तसा कोणा नावडत्या माणसाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपाशीही येतो. तिथे तो मानला तर उपासनेत म्हटलेल्या शब्दांत जीव राहतो.

माझ्या राजाचे नावही न घेणाऱ्या एका माणसाच्या हाताने त्याने आम्हाला जागा दिली. त्यासाठी मी रोज आभार मानतो. सुभानभाऊंसाठी मानतो, त्यांच्या दोन मुलींसाठी मानतो, मला न सोडता खरे बोलणाऱ्या साराबद्दल मानतो. मग पंप पाठीवर घेतो आणि कामाला निघतो. संध्याकाळी परत येताना दिवसभरातली एकेक भिंत डोळ्यांपुढे आणतो. एखाद्या दिवशी सगळ्या भिंती राजापुढे ठेवता येतात. एखाद्या दिवशी एखादी राहिलेली असते, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी आधी त्या घरी जावे लागते.